जमालपियाचं नाव

इतर बायका लोणचं मुरवतात तसा इंदूताई राग मुरवत असत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कुणी लागेल असं बोललं की मान किंचित कलती करून त्या "लक्षात आहे" एवढंच म्हणत आणि बडीशेपेची डबी उघडत. नवख्या माणसाला वाटे, बाई किती शांत स्वभावाच्या. आम्ही शाळेतल्या बायका मात्र ते दोन शब्द ऐकले की समोरच्याची आधीच कीव करून ठेवत असू.

मी तेव्हा जळगावात मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. माहेर यावलचं, केळीच्या बागा, घरात गाणं म्हणाल तर आई म्हणायची त्या कानबाई देवीच्या ओव्या. फाळणीनंतर वर्षभराच्या आतच एक दिवस शाळेत संगीताच्या नव्या बाई आल्या. उंच, सावळ्या, हातात काळी छत्री आणि पाठीशी तागाच्या कापडात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. ते दिलरुबा नावाचं वाद्य होतं. आमच्यापैकी एकीलाही ते माहीत नव्हतं, त्यामुळे बाई बंदूक घेऊन आल्यात अशी बातमी चौथीच्या वर्गातून पसरली. पुढं जे झालं ते पाहता मुलींचं फारसं चुकलं नव्हतं.

त्या कराचीच्या. तीन पिढ्या तिकडंच गेलेलं मराठी कुटुंब, वडील बंदराच्या कचेरीत. सगळं सोडून बोटीनं मुंबईला आल्या, भाऊ भुसावळला रेल्वेत होता म्हणून खानदेशात आल्या, आणि शाळेत जागा होती म्हणून जळगावात राहिल्या. मुली त्यांना कराचीबाई म्हणत. कुणी सहानुभूतीनं विचारलं, "परदेशातून आलात म्हणे?" की त्या विचारत, "मी परदेशातून आले की परदेशात आले, ते आधी ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही."

आम्ही दोघी एकाच माडीवर शेजारच्या खोल्यांत राहायचो. घरमालकांनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं, "सकाळी गाणंबिणं नको. आमची पूजा असते." इंदूताई म्हणाल्या, "लक्षात आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी दिलरुबा काढला आणि एकच तार जुळवायला घेतली. तासभर तीच तार. वर, खाली, परत वर. तिसऱ्या दिवशी मालकांची आरती चुकू लागली. चौथ्या दिवशी ते जिना चढून आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, गा एकदाच्या." इंदूताई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "तुम्ही गाणं नको म्हणालात ना? हे गाणं नव्हे, जुळवणं आहे." त्या दिवसापासून मालक स्वतःच सकाळी विचारायचे, "आज काय गाणार?" मी दाराआड पोट धरून हसत होते. त्या वेळी मला वाटलं, हा गमतीचा स्वभाव आहे. ती तालीम होती हे मला फार उशिरा कळलं.

रविवार आला की त्या छत्री घेऊन निघायच्या. "चल कुसुम, या गावात काय काय वाजतं ते बघू." कराचीत म्हणे त्या असंच करायच्या, नव्या पेठेत गेल्या की आधी तिथलं गाणं शोधायचं, मग भाजी. मला वाटायचं, जळगावात काय वाजणार? डाळीच्या गिरण्या आणि सराफांच्या हातोड्या. पण त्यांच्याबरोबर फिरताना माझं गाव मलाच नवं झालं. डाळ पाखडणाऱ्या बायका सुपाच्या ठेक्यावर काय म्हणतात, मालधक्क्यावर केळीचे घड डब्यात चढवणारे हमाल हाक देताना शेवटचा सूर किती वेळ धरतात, गुरुवारी दर्ग्यात टाळी कुठं पडते, हे मी तीस वर्षांची होईपर्यंत ऐकलंच नव्हतं. यावलच्या बाजारात सातपुड्यातून आलेला एक भिल्ल लांब भोपळ्याची पावरी वाजवत होता, तर या बाई केळीवाल्याच्या गाडीला टेकून उन्हात दीड तास उभ्या. मी घामानं भिजले. त्यांचा पदरसुद्धा हलला नाही.

ऐकून झालं की त्यांचा एकच प्रश्न असे, "हे कुणाचं?"

आमच्या गल्लीतल्या सखूअक्का कापसाच्या शेतावरून येता-येता ओसरीवर टेकायच्या आणि काहीबाही गुणगुणायच्या. त्यांनाही इंदूताईंनी हेच विचारलं. अक्का हसून अहिराणीत म्हणाल्या, "कोनं म्हंजे? आमनंच शे." आमचंच आहे, म्हणे.

"तसं नाही. केलं कुणी? नाव काय त्याचं?"

"नाव कसाले लागस वो बाई? गानं शे, शेत शे का?"

इंदूताईंना हे काही पटलं नाही. त्यांच्या मते गाणं शेतापेक्षा जास्त होतं आणि त्याला मालक असायलाच हवा होता. रचणारा माणूस चीजेच्या अंतऱ्यात आपलं नाव गुंफतो, त्याला छाप म्हणतात, हे त्यांनीच मला समजावलं. आमच्या गावच्या दागिन्यावर सराफाचा शिक्का असतो, तसा. "शिक्का घासला तर सोनं सोनंच राहतं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढं दोन दिवस गाण्यावर मत दिलं नाही.

त्यांच्या उस्तादांना सगळे जमालबाबा म्हणत. ते कराचीतच राहिले. बोट सुटायच्या दिवशी शहरात बाहेर पडायची सोय नव्हती, तरी सत्तरीचा तो म्हातारा धक्क्यावर आला आणि म्हणाला, "इंदू, मैं तो यहीं रह गया। मेरी एक चीज वहाँ बो देना। नाम समेत।" नाम समेत. हे शेवटचे दोन शब्द सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट व्हायचा. ती चीज सिंधुरा रागातली होती. 'कौन नगर अब डेरा डारूँ', आणि अंतऱ्यात 'जमालपिया की सुध ले आवो, नाव लगी उस तीर'. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण त्या 'नाव लगी उस तीर' म्हणायच्या तेव्हा माझ्या हातातली सुई थांबायची.

आता माधवराव वकिलांकडे यायला हवं. मला त्यांच्याबद्दल लिहायचा कंटाळा नाही, उलट हौस आहे. गोरे, उंच, रेशमी कोटाला चांदीची बटणं. शहराच्या संगीत मंडळाचे चिटणीस आणि आमच्या शाळेच्या कमिटीवर. गळा मात्र होता. हे कबूल करताना मला आजही त्रास होतो, पण होता. चांगला भरदार, गोड, आणि सूर असा लागायचा की आपण त्याचे गुन्हे विसरावेत.

ते एका दुपारी माडीवर आले. "बाई, तुमच्यासारखी तालीम या गावात कुणाची नाही. उस्तादांची एखादी चीज द्या. मंडळाच्या मैफलीत गाऊ, गावात राहील." इंदूताई दिलरुब्याच्या तारा पुसत राहिल्या. ते गेल्यावर मी म्हटलं, "देऊन टाका हो. मोठा माणूस आहे. तुमची नोकरी अजून कच्ची आहे, कमिटीत त्यांचाच शब्द चालतो. आणि उस्तादांनी पेरायलाच सांगितलंय ना? मग पेरायला याच्यापेक्षा चांगली जमीन कुठं मिळणार?"

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. म्हणून या गोष्टीत माझाही राग आहे, आणि तो निम्मा माझ्यावरच आहे.

सलग आठ-दहा दुपारी वकील आले. चटईवर मांडी घालून, कोट काढून, अगदी शिष्यासारखे बसत. इंदूताई एकेक जागा दहादहा वेळा घोटून घेत. 'सुध' वरचा तो कोमल गंधार वकिलांना लागेना, जरा चढाच लागायचा. इंदूताई चटईवर बोट आपटत म्हणत, "खाली. अजून खाली. आठवण आल्यावर माणूस वर बघत नाही, वकीलसाहेब." शेवटी लागला तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं आहे. म्हणूनच पुढचं मला अधिक नीच वाटतं.

त्या हिवाळ्यात धुळ्याला गाण्याचा मोठा जलसा होता, रविवारी सकाळी, आणि वकील तिथं ती चीज गाणार होते. आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. इंदूताई ठेवणीतलं निळं लुगडं नेसल्या होत्या. जमालबाबांचं नाव या मुलखात पहिल्यांदा व्यासपीठावरून ऐकू येणार होतं. वकील बसले, तंबोरे जुळले आणि ते हात जोडून म्हणाले, "माझी एक अल्पशी रचना सादर करतो."

मला वाटलं, आधी दुसरं काही गातील. पण सिंधुराच सुरू झाला. 'कौन नगर अब डेरा डारूँ.' आणि अंतऱ्याला, तोच गंधार, तीच जागा, 'माधवपिया की सुध ले आवो'. मात्राही बरोबर तेवढ्याच. जमालपिया काढला, माधवपिया बसवला, सांधा कुठं दिसत नव्हता. मांडव टाळ्यांनी दुमदुमला. माझ्या शेजारी इंदूताई अगदी सरळ बसल्या होत्या.

चहाच्या वेळी त्या वकिलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काही विचारायच्या आतच वकील हळू आवाजात म्हणाले, "बाई, समजून घ्या. तुमचे उस्ताद आता परदेशचे. तिकडच्या माणसाचं नाव इथं व्यासपीठावर घ्यायचे दिवस आहेत का? लोक खुर्च्या फेकतील. मी ती चीज वाचवली, असं समजा." मग थोडं हसून, "आणि तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे ना?"

इंदूताईंनी मान किंचित कलती केली. "लक्षात आहे," त्या म्हणाल्या.

जळगावला परत येताना एरंडोलपर्यंत त्या खिडकीतून मैलाचे दगड मोजत होत्या. मग म्हणाल्या, "त्यानं पैसे चोरले असते तर मी चौकीत गेले असते. नाव चोरलंय. नाव परत मिळवायचं तर ते इतक्या तोंडांत घालायचं, की एकट्याच्या तोंडातलं दुसरं नाव खोटं पडावं."

पहिली चाल बँडवाल्यांची. दर्ग्याजवळ कासमभाईंचा बँड होता, लग्नाच्या वरातीतला. कासमभाई स्वतः क्लॅरिनेट वाजवत. इंदूताई दिलरुबा घेऊन त्यांच्या दुकानात गेल्या आणि ढोलांच्या मध्ये स्टुलावर बसून चीज ऐकवली. कासमभाई म्हणाले, "बाईसाब, सुर तो रुलानेवाला है, पर ठेका थोडा तेज करें तो बरात में चल जाएगा।" इंदूताईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या म्हणाल्या, "करा तेज." जमालबाबांची विलंबित चीज वरातीच्या चालीवर नाचू लागली ती त्या दिवसापासून. इंदूताईंना ते ऐकवत नसे. बँड लांबून ऐकू आला की त्या छत्री मिटवून बाजूच्या दुकानात शिरत आणि नको असलेलं काहीतरी विकत घेत. त्या वर्षी आमच्या माडीवर सात कुलपं जमली.

वैशाखात वकिलांच्या पुतण्याचं लग्न निघालं. भर दुपारी वरात दारात आली आणि कासमभाईंनी तीच चीज उचलली. वकिलांचं तोंड पाहायला मी मुद्दाम आहेर घेऊन गेले होते. ते आधी चपापले, मग सावरून पाहुण्यांना म्हणाले, "बघा, माझी रचना बँडवाल्यांनीसुद्धा घेतली!" मी चरफडत घरी आले. इंदूताई ऐकून म्हणाल्या, "चूक माझीच. क्लॅरिनेटला तोंड असतं, पण नाव घेता येत नाही. बायका हव्यात."

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात कळलं की मंडळाच्या वर्धापनदिनाला मुंबईच्या रेडिओवरचे एक अधिकारी येणार, वकिलांचं गाणं ऐकणार आणि पसंत पडलं तर ते रेडिओवर लागणार. इंदूताई त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. "रेडिओवर एकदा माधवपिया गेला की संपलं," त्या म्हणाल्या. "मग मी गल्लीगल्लीत ओरडत फिरले तरी मीच खोटी."

मी मंडळाच्या पत्रकावरची तारीख वाचली आणि मला हसूच फुटलं. श्रावणातला सोमवार, सकाळी दहा. नागपंचमीनंतरचा सोमवार! खानदेशात जन्मलेल्या कुठल्याही बाईनं त्या सोमवारी सभा ठेवली नसती. रविवारी घरोघरी कानबाई बसते, नारळाला डोळे, नथ, दागिने घालून. भाऊबंद जमून तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट खातात. आणि सोमवारी सकाळी सगळ्या गल्ल्यांतल्या कानबाया वाजतगाजत मेहरूणच्या तळ्यावर विसर्जनाला निघतात. सभागृह बरोबर त्या वाटेवर. वकिलांच्या लेखी कानबाई म्हणजे बायकांचं खूळ, ते दिनदर्शिकेत कशाला बघतील? त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं. मी कमिटीच्या कामासाठी दोनदा त्यांच्या बंगल्यावर गेले, त्यांच्या बायकोच्या हातचा चहा प्यायले आणि काही बोलले नाही. तो चहा मला फार गोड लागला.

रोटाचे गहू निवडायला गल्लीतल्या बायका दुपारी सखूअक्कांच्या ओसरीवर जमत. इंदूताई तिथं जाऊन बसू लागल्या. गहू निवडायला हातभार लावत त्या हलकेच गायच्या. चौथ्या दिवशी अक्कांनीच विषय काढला. "बाई, हाई गानं भलतं गोड शे. आमले शिकाड ना."

"शिकवते. पण अक्का, यातलं नाव बदलायचं नाही."

"तो जमालपिया कोन शे?"

इंदूताईंनी सांगितलं. धक्का, बोट, म्हातारा, आणि मग वकील. लपवलं काहीच नाही. सुपं थांबली होती. अक्कांनी कपाळावरचा पदर मागं सारला. "बापसारख्या मानूसनं नाव पुसं? त्या कोटवाल्यानं?" मग सगळ्या बायांकडे वळून म्हणाल्या, "बठ्ठ्या बाया नाव लेतीन. आनि वकीलनी सभाना म्होरे कानबाई टेकाडसूत. देखू कोन उठाडस ते."

सगळ्या बेतातली खरी मेख ही. कानबाईचा चौरंग वाटेत जमिनीवर टेकला, की बायकांच्या मनात आल्याशिवाय तो उचलायचा नसतो. देवी बसली म्हणजे बसली. पोलीस, मामलेदार, कुणाचं चालत नाही.

सोमवारी आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. रेडिओचे साहेब पुढं, गळ्यात हार. वकिलांनी त्या दिवशी अस्ताई अशी गायली की मलाही क्षणभर सगळं विसरायला झालं. मग ते अंतऱ्याकडे वळले, आणि बाहेरून कासमभाईंचं क्लॅरिनेट ऐकू आलं. तोच सिंधुरा, पण वरातीच्या चालीचा. तबलजी गडबडला. वकिलांनी डोळ्यानं खूण करून खिडक्या लावायला सांगितल्या. गडी खिडकीशी गेला आणि तिथंच बघत उभा राहिला. बाहेर रस्ताभर बायका होत्या, आणि सभागृहाच्या पायरीसमोर एकामागून एक चौरंग टेकत होते.

आणि मग शंभरेक गळ्यांतून आलं, "जमालपिया की सुध ले आवो..." सूर सगळे बरोबर नव्हते, पण नाव बरोबर होतं. एकदा नाही, फुगडीच्या फेऱ्यागणिक. मंडळाचे एक सभासद धावत बाहेर गेले. दारातून अक्कांचं उत्तर आत स्पष्ट ऐकू आलं, "कानबाई दमनी शे. बसू द्या जराखी."

वकिलांनी तरीही अंतरा घेतला. त्यांचा 'माधवपिया' आणि बाहेरचा 'जमालपिया' एकाच समेवर आदळले. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, मग दुसरं, मग सगळी मागची बाजू. रेडिओच्या साहेबांनी हात वर केला. "वकीलसाहेब, ये बाहर औरतें किसका नाम ले रही हैं?"

 वकिलांनी इंदूताईंकडे पाहिलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद जमाल, कराची. चीज त्यांची. मी त्यांची शागीर्द. यांना मीच शिकवली." मग खाली बसल्या, बडीशेपेची डबी उघडली आणि आधी माझ्यापुढं केली. एकाही माणसानं खुर्ची फेकली नाही.

मला त्या दिवशी जो आनंद झाला त्याची लाज वाटायला हवी असं लोक म्हणतात. मला वाटली नाही. रेडिओचा बेत बारगळला, वकिलांनी मंडळ सोडलं. ते कोर्टात निघाले की गल्लीतली पोरं भिंतीआडून "जमालपिया!" म्हणून ओरडायची, आणि मी शिवणयंत्र थांबवून ऐकायची. त्यांनी पुढं चारचौघांत गाणंच टाकलं. इंदूताईंना कमिटीनं कायम केलं नाही. पुढच्या जूनमध्ये त्या धुळ्याला दुसऱ्या शाळेत गेल्या. सामान बांधताना त्यांनी सातही कुलपं मला दिली. धुळ्याहून आलेल्या पहिल्याच पत्रात पांझरेच्या काठावर रविवारी काय काय वाजतं याचीच दोन पानं होती, आणि शेवटी एक ओळ, "इथंही कुणाला विचारलं की म्हणतात, आमचंच आहे."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नऊ-दहा वर्षांनी, मुंबई राज्याचा महाराष्ट्र व्हायच्या आदल्या श्रावणात. त्या मुद्दाम कानबाईच्या सोमवारी जळगावला आल्या. केस पांढरे, छत्री तीच, पाठीशी दिलरुबाही तोच. जमालबाबा मागच्या वर्षी गेल्याचं त्यांना कुणा नातेवाइकाच्या पत्रातून कळलं होतं. "इथं तरी नाव ऐकते," म्हणाल्या.

मिरवणूक आली. बायका नव्या, तरण्या. कासमभाईंचा मुलगा क्लॅरिनेटवर. चाल तीच. इंदूताई रस्त्याच्या कडेला ताठ उभ्या राहिल्या. अंतरा आला आणि पोरी फेर धरून गायल्या, "कानबाई की सुध ले आवो, नाव लगी उस तीर."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सखूअक्का काठी टेकत जवळ आल्या. त्यांना काय झालं ते कळलं होतं. "रागे भरू नको वो बाई. पोरीस्ले परकं नाव ध्यानमा ऱ्हास का? कानबाईनं नाव घालं, ते बठ्ठास्ले म्हनता येस."

तेवढ्याच मात्रा. माधवपियाही तेवढ्याच मात्रांत बसला होता. इंदूताईंच्या तोंडून "लक्षात आहे" येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. त्या अक्कांच्या पाया पडल्या आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

वाट वकिलांच्या बंगल्यावरून जाते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते ओसरीवर आरामखुर्चीत असत, रस्त्याकडे पाठ करून. आम्ही कुंपणापाशी आलो आणि आतून गाणं ऐकू आलं. आवाज जड, एका बाजूनं ओढलेला. पण विलंबित, जशी जमालबाबांनी दिली होती तशी. वरातीचा ठेका नाही, फुगडी नाही. सगळ्या खानदेशात ती चीज खरी गाणारा तो एकच माणूस उरला होता. इंदूताई थांबल्या. छत्रीच्या मुठीवर त्यांचं बोट ताल धरू लागलं.

"जमालपिया की..." आतला आवाज म्हणाला. जमालपिया. समोर कुणी नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं. 'सुध' वर तो गंधार मात्र चढा लागला, अगदी पहिल्या दुपारी लागला होता तसा. त्यांनी परत घेतला, परत चढा. तिसऱ्यांदा नुसती धाप ऐकू आली.

इंदूताईंनी रस्त्यावरूनच तो सूर लावला. खाली. बरोबर जागेवर. भर उन्हात, कुंपणाबाहेर उभं राहून.

आत खुर्ची करकरली. मग वकिलांनी तोच गंधार घेतला, आता नेमका, आणि ओळ संपवून समेवर आले. थोड्या वेळानं आतून जडशी हाक आली, "बाई?"

इंदूताई चालू लागल्या होत्या. मला त्यांना गाठायला धावावं लागलं. खरं सांगते, तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला होता, आणि त्याचा मला भयंकर राग आला होता.

स्टँडवर मी विचारलं, "उत्तर का नाही दिलंत?"

"काय द्यायचं?" त्या म्हणाल्या. "त्यानं माझ्या उस्तादाला पुसलं हजार माणसांसमोर, आणि परत लिहिलं ओसरीवर, भिंतीकडे तोंड करून. मला तेच हजार हवेत, कुसुम. सूर चुकला म्हणून सांगितला. त्याला मी शिकवलंय. माफ केलेलं नाही."

धुळ्याची गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या, दिलरुबा उभा धरून. गाडी हलली तेव्हा त्या काहीतरी बोलताहेत असं मला वाटलं, म्हणून मी खिडकीबरोबर चार पावलं गेले. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. ओठ हलत होते, बोट तागाच्या कापडावर पडत होतं, आणि डोळे मिटलेले होते. एवढंच ऐकू आलं, "नाव लगी उस तीर", आणि मग इंजिनाच्या आवाजात पुढचं काही कळलं नाही.